तलवारबाजीच्या स्पर्धेतील एक दिवस
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस अशी आज्ञा केली की, आज सायंकाळी तरुणांपुढे 'पन्नास वर्षांची वाटचाल' या विषयावर चार शब्द बोलावे. आम्ही समितीचे आज्ञाधारक आहो. तथापि ती वाटचाल समितीच्या चिटणिसांनी पुस्तिकेसाठी सविस्तर लिहून काढली आहे, आणि तीत आमचा वाटा केवळ शेवटच्या सहा वर्षांचा. तेव्हा तिची पुनरुक्ती न करता आज आम्ही तुम्हांस एका तलवारीची गोष्ट सांगणार आहो. धर्मगुरूने तलवारीची गोष्ट सांगावी हे कित्येकांस विपरीत वाटेल. तीन वर्षांपूर्वी आम्हांलाही ते तसेच वाटले होते.

आपल्या वाडीतील एक मुलगी आहे. तिचे नाव आम्ही घेणार नाही. कारण ती याच सभागृहात मागच्या रांगेत बसली आहे, आणि नाव घेतल्यास उठून जाईन अशी ताकीद तिने आम्हांस आगाऊ देऊन ठेविली आहे. तर ही मुलगी तीन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, आपल्या शिक्षकांसह आमच्या दारी आली. शाळेचे पटांगण चिखलाने भरले होते. तलवारबाजीच्या सरावाकरिता आठवड्यातून तीन संध्याकाळ देवळाचे सभागृह मिळावे, अशी त्यांची विनंती. आम्ही "विचार करून सांगतो" असे ठराविक उत्तर दिले. हे उत्तर आम्ही सेमिनरीत शिकलो नाही. ते धर्मग्रामात आल्यावर आपोआप येते.

वडीलधाऱ्या मंडळींस विचारले तेव्हा दोन मते निघाली. एकजण म्हणाले, "फादर, देवळाच्या आवारात तलवारी? लोक काय म्हणतील?" दुसरे म्हणाले, "मुलींना कॅरम शिकवा." आम्ही स्वतः कोणत्या बाजूचे होतो ते प्रांजळपणे सांगतो: आम्ही पहिल्या बाजूचे होतो, आणि आमच्यापाशी त्यास आधारही होता. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना ट्रेंट येथील धर्मपरिषदेचे निर्णय आम्हांस अभ्यासावे लागले. त्या परिषदेने 1563 साली आपल्या शेवटच्या बैठकीत द्वंद्वयुद्धावर कडक बंदी घातली. लढणारे, त्यांचे साक्षीदार, इतकेच नव्हे तर आपल्या मुलुखात अशा झुंजीस जागा देणारे राजेरजवाडेही बहिष्कृत ठरले. आणि झुंजीत पडलेल्यास ख्रिस्ती दफनही नाकारण्यात आले. एवढे करूनही ती चाल मोडली नाही. म्हणून 1891 साली तेरावे लिओ यांना जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी येथील महागुरूंस त्याच विषयावर पुन्हा पत्र लिहावे लागले. अब्रूचा प्रश्न तलवारीने सोडवू पाहणाऱ्या माणसास पटविणे किती कठीण, हे त्या तीनशे वर्षांवरून दिसते.

परंतु पुढे आम्ही शिक्षकांस प्रश्न विचारू लागलो, मुलांचा सराव पाहू लागलो, आणि आमच्या ध्यानात आले की आम्ही ज्यास विरोध करीत होतो ती गोष्ट निराळी आणि सभागृहात चालावयाची ती निराळी. झुंज आणि हा खेळ यांचे मूळ एकच असले तरी, अठराव्या शतकात तारेच्या जाळीचा मुखवटा आला तेव्हापासून दोहोंच्या वाटा फुटल्या. तोंड झाकले गेल्यावर माणसे एकमेकांस न दुखविता पूर्ण वेगाने खेळू शकली. 1896 साली अथेन्स येथे अर्वाचीन ऑलिंपिक सामने सुरू झाले तेव्हा तलवारबाजी त्यांत होती, आणि तेव्हापासून एकाही ऑलिंपिकातून ती गळलेली नाही. स्त्रियांस मात्र दारात बराच काळ उभे राहावे लागले. फॉइल हे हत्यार त्यांना 1924 साली मिळाले, एपे 1996 साली, आणि सेबर तर 2004 साली.

ही तीन नावे आली म्हणून थोडा खुलासा करतो. फॉइल हे हलके, लवचिक हत्यार. त्याने केवळ धडावर टोक लावावयाचे. सेबर हे घोडेस्वाराच्या तलवारीचे वंशज. त्याने कमरेवरच्या भागावर टोकानेही मारता येते आणि पात्यानेही. तिसरे एपे. आपली मुले त्यास 'इप्पी' म्हणतात. आम्हीही आता तसेच म्हणू लागलो आहो. हे तिहींत जड, तरी त्याचे वजन 770 ग्रॅमच्या आतच असावे लागते; म्हणजे एका शेर वांग्यांहूनही कमीच. लांबी 110 सेंटिमीटर. एपेस डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सारे शरीर मोकळे. आधी कोणी चाल केली याचा वाद नाही. ज्याचे टोक आधी लागेल त्याचा गुण. दोघांची टोके सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत लागली तर दोघांसही गुण. आमची मुलगी हे हत्यार खेळते. त्याचे एक कारण असे की, फॉइल आणि सेबर यांस अंगावर धातूच्या धाग्यांचे जाकीट लागते आणि एपेस ते लागत नाही. गरिबाच्या घरी हत्याराची निवड अशीच होत असते.

आपल्या मुलखास ही विद्या अगदीच परकी, असेही समजू नका. दांडपट्टा आणि मर्दानी खेळ कोल्हापुराकडे आजही चालतात. मराठ्यांच्या तलवारींत 'फिरंग' म्हणून एक जात आहे. तिचे सरळ पाते युरोपातून येई आणि मूठ येथे बसविली जाई. नावातच तिचे गोत्र आहे. 1739 साली आपल्या वसईच्या कोटाभोवती जी रणधुमाळी झाली तीत दोन्ही बाजूंच्या हातांत युरोपची पाती असणार, असे आम्हांस कोटात फिरताना नेहमी वाटते. असो. हे विषयांतर झाले.

आया मात्र इतिहासाने समजत नाहीत. त्यांनी विचारले, "लागत नाही ना, फादर?" आम्ही शिक्षकांकडे बोट दाखविले. त्यांनी एक गोष्ट न लपविता सांगितली, आणि तेव्हापासून त्यांच्याविषयी आमचा आदर वाढला. 1982 साली रोम येथील जागतिक स्पर्धेत व्लादिमिर स्मिर्नोव्ह या नामांकित खेळाडूसमोर लढणाऱ्याचे पाते मोडले, मोडलेला तुकडा मुखवट्याच्या जाळीतून आत गेला, आणि काही दिवसांनी स्मिर्नोव्ह मरण पावला. त्या मृत्यूनंतर साऱ्या जगात मुखवट्यांचे, पात्यांच्या पोलादाचे आणि कपड्यांचे नियम बदलले. "म्हणून आम्ही जुना मुखवटा कोणासही वापरू देत नाही," असे ते म्हणाले. आयांचे समाधान झाले. आमचेही झाले, आणि सभागृहाची किल्ली त्यांच्या हाती गेली.

त्याच सुमारास आम्ही चेन्नईच्या भवानी देवी या खेळाडूविषयी वाचले. तुम्हां तरुणांस ती ठाऊक असेलच. वडील मंडळींकरिता सांगतो. ती एका देवळातील पुरोहिताची मुलगी. शाळेत खेळ निवडावयाच्या वेळी बाकीच्या खेळांच्या जागा भरून गेल्या होत्या, म्हणून तिच्या वाट्यास तलवारबाजी आली. आरंभी हाती तलवार नव्हती. बांबूच्या काठ्यांनी सराव चाले. पुढे केरळात तलश्शेरी येथील क्रीडाकेंद्रात सागर लागू या प्रशिक्षकांच्या हाताखाली ती तयार झाली. आडनावावरून ते कोठले ते तुम्हीच ओळखा. 2007 साली तुर्कस्तानात आपल्या पहिल्या परदेशी स्पर्धेत ती तीन मिनिटे उशिरा पोहोचली आणि काळे कार्ड दाखवून तिला स्पर्धेबाहेर काढण्यात आले. एवढ्या लांब जाऊन तीन मिनिटांकरिता परत! परंतु तीच मुलगी 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकात उतरली. तलवारबाजीत तेथवर पोहोचलेली ती पहिली भारतीय. पहिली लढत तिने 15 विरुद्ध 3 अशी जिंकली, दुसरी हरली. 2023 साली चीनमध्ये वूशी येथे आशियाई स्पर्धेत तिने जपानच्या विश्वविजेतीस हरविले आणि कांस्यपदक मिळविले. ही हकीकत आम्ही एका रविवारी सरावानंतर मुलांस सांगितली. आमच्या मुलीने एकच प्रश्न विचारला: "फादर, ती उशिरा का पोहोचली?" आम्हांस उत्तर देता आले नाही. पण तेव्हापासून ही मुलगी सरावास दहा मिनिटे आधी येते, आणि किल्ली घेऊन आम्ही उशिरा पोहोचतो म्हणून आमच्याकडे पाहते.

आता स्पर्धेच्या दिवसाकडे वळतो. जिल्ह्याची फेरी ती जिंकली होती. पुढची विभागीय, तीत वरचे स्थान मिळाले म्हणजे राज्याची. शिक्षकांच्या जोडीला घरचे एक माणूस हवे, आणि तिच्या वडिलांची इच्छा अशी की आम्हीही यावे. हे गृहस्थ सोनचाफ्याची लागवड करतात. कळ्या पहाटे तोडाव्या लागतात आणि ऊन चढण्यापूर्वी दादरच्या फुलबाजारात पोहोचवाव्या लागतात. या व्यापारास सुट्टी नाही. म्हणून आम्ही सारे पहाटेच्या गाडीनेच निघालो: त्यांच्या मांडीवर चाफ्याची टोपली, मुलीच्या खांद्यावर तलवारींची लांब पिशवी, आणि आमच्या हाती डबा. डब्यातील माणसे कधी तलवारींकडे पाहत, कधी आमच्या झग्याकडे. दादरला वडील उतरले, टोपली देऊन दुसऱ्या गाडीने मागून आले. अर्ध्या दिवसाच्या फुलांचा भाव त्यांनी घासाघीस न करता सोडला होता, हे आम्हांस मागाहून कळले.

क्रीडासंकुल मोठे होते, पंखे थोडे होते. जमिनीवर रबराच्या पट्ट्या अंथरून लढतीच्या जागा आखल्या होत्या. या पट्टीस 'पिस्त' म्हणतात. लांबी 14 मीटर, रुंदी दीड ते दोन मीटर. मोठ्या स्पर्धांत ही पट्टी धातूची असते आणि यंत्रास जोडलेली असते. येथे ती तशी नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

यंत्राचे काम असे चालते. एपेच्या टोकास एक लहानशी कळ असते, तिच्याखाली स्प्रिंग. टोक कशावरही पुरेसे दाबले गेले की आतील तारेतून प्रवाह फिरतो आणि त्या खेळाडूच्या बाजूचा दिवा लागतो. दाब 750 ग्रॅमहून अधिक हवा. म्हणून लढतीपूर्वी पंच तलवार उभी धरून तिच्या टोकावर 750 ग्रॅमचे वजन ठेवतो. स्प्रिंगने ते वजन वर उचलून धरले पाहिजे. आमच्या मुलीच्या पहिल्या तलवारीची स्प्रिंग बसली. वजन खाली गेले ते खालीच राहिले. शिक्षकांनी पिशवीतून बारीक पेचकस काढला. टोकास दोन इतके लहान स्क्रू असतात की तांदळाचा दाणा त्यापुढे थोर. त्यातील एक स्क्रू त्यांनी विश्वासाने आमच्या तळहातावर ठेविला, आणि तो आमच्या हातून निसटला. आम्ही, मुलीचे वडील आणि एक अनोळखी मुलगा असे तिघे गुडघ्यांवर बसून शोधू लागलो. शिक्षक काही बोलले नाहीत. त्यांनी दुसरा स्क्रू काढला. हरवलेला स्क्रू चार दिवसांनी आमच्या झग्याच्या दुमडीत सापडला.

स्प्रिंग बदलताना शिक्षकांनी, बहुधा आमचे मन रमविण्याकरिता, ही तपासणी एवढी कडक का हे सांगितले. 1976 साली माँट्रियलच्या ऑलिंपिकात पंचक्रीडा स्पर्धेत सोव्हिएट संघाचा बोरिस ओनिश्चेन्को हा एपे खेळत होता. समोर ब्रिटनचा जिम फॉक्स. फॉक्स मागे सरला, टोक त्यास लागले नाही, आणि तरीही दिवा लागला. त्याने तक्रार केली. तलवार उघडून पाहिली तो मुठीत गुप्त कळ बसविलेली. बोटाने दाबली की दिवा. ओनिश्चेन्को हा साधा खेळाडू नव्हता. पदके मिळविलेला, नावाजलेला माणूस. त्यास तेथल्या तेथे काढून टाकले. मुलगी ऐकत होती. ती म्हणाली, "मग त्याला दिवा लागल्यावर आनंद होत असेल का?" शिक्षक म्हणाले, "हात पुढे कर, मोजा घाल."

पहिल्या फेरीत गट पाडतात आणि पाच गुणांच्या छोट्या लढती होतात. त्या आम्ही फारशा समजलो नाही. सारे इतके जलद चालते की दिवा लागल्यावरच काही घडले हे कळते. पंच फ्रेंच भाषेत हुकूम देतो: सावध राहण्यास 'आं गार्द', आणि लढत सुरू करण्यास 'आले'. 'आले' म्हणजे फ्रेंचमध्ये 'जा'. आमच्या मराठी कानांस ते नेमके उलटे ऐकू येई, आणि दर वेळी कोण आले म्हणून आम्ही दाराकडे पाहत असू. ती तीन लढती जिंकली, दोन हरली. पुढे बादफेरी; पंधरा गुणांच्या लढती, तीन-तीन मिनिटांचे तीन डाव. दोन लढती ती जिंकली. तिसरी जिंकणारी राज्याच्या स्पर्धेस जावयाची.

समोरची मुलगी उंच, डावखुरी, शांत. आमची बुटकी, म्हणून ती खाली वाकून समोरच्या पायावर टोक टाकते. ही तिची खास चाल, सभागृहात तिने ती हजारो वेळा घोटली आहे. आपल्या फरशीवरील बारीक ठिपके त्याचे साक्षी आहेत. लढत कधी इकडे, कधी तिकडे. तिसऱ्या डावात 14 विरुद्ध 14 झाले. अशा वेळी दोघींचे टोक एकदम लागल्यास ते मोजत नाहीत. एकटा दिवा लागला पाहिजे. वडिलांनी आमचा दंड धरला होता. आम्ही काय करीत होतो ते सांगण्याची गरज नाही. आमच्या व्यवसायावरून तुम्ही ओळखाल.

'आले' झाले. दोघी क्षणभर मागेपुढे झाल्या, उंच मुलगी पुढे घुसली, आमची खाली वाकली, आणि दिवा लागला. एकटा, आमच्या बाजूचा. वडील उभे राहिले. शिक्षकांनी मूठ उंचावली. पंचाने हात वर करण्यास आरंभ केला होता, समोरची मुलगी मुखवटा काढून हस्तांदोलनास निघाली होती; इतक्यात आमच्या मुलीने मोकळा हात वर केला, तलवारीचे टोक जमिनीकडे केले आणि म्हणाली, "सर, जमिनीला लागलं."

आता पट्टी धातूची असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता. धातूच्या पट्टीवर टोक लागले तर यंत्र ते ओळखते आणि दिवा लागत नाही. रबरावर मात्र दिवा लागतो. यंत्रास पाय आणि जमीन यांतील भेद कळत नाही. पंचाने विचारले, "नक्की?" ती म्हणाली, "हो सर." त्याने गुण रद्द केला.

प्रिय मित्रहो, येथे आम्हांस एक गोष्ट कबूल करावयाची आहे. आम्ही इतरांची कबुली ऐकतो. आज आमची तुम्ही ऐका. त्या क्षणी आमच्या मनात जो पहिला विचार आला तो असा नव्हता की, 'शाबास.' तो असा होता की, 'ही पोर गप्प का राहिली नाही?' पंचाने पाहिले नव्हते. समोरच्या मुलीने पाहिले नव्हते. आम्ही पाहिले नव्हते. तीस वर्षे ज्या गोष्टी आम्ही व्यासपीठावरून सांगत आलो त्यांपैकी एकही त्या वेळी आमच्या मदतीस आली नाही.

पुढच्या चालीस समोरच्या मुलीचे टोक आमच्या मुलीच्या मनगटावर लागले. 15 विरुद्ध 14. दोघींनी मुखवटे काढले, तलवारीने सलामी दिली, हात मिळविले. नियमाप्रमाणे सलामी द्यावीच लागते. पण त्या दोघींची थोडी लांबली. समोरची मुलगी तिला काहीतरी म्हणाली. ते काय होते हे आम्हांस गाडीत कळले. ती म्हणाली होती, "मला तर माझ्या बुटालाच लागलं असं वाटलं."

हे ऐकून मुलीचे वडील, जे तोवर एक शब्द बोलले नव्हते, ते बोलले. रागाने नव्हे, राग असता तर बरे झाले असते. ते म्हणाले, "म्हणजे जिला लागलं तिलाच वाटत होतं लागलं म्हणून. आणि तू सांगितलंस नाही." मुलगी म्हणाली, "पप्पा, बुटाला लागलं की पातं वाकतं, हाताला कळतं. जमिनीला लागलं की ठक् होतं. ठक् झालं." वडील म्हणाले, "एवढ्या गोंगाटात ठक् ऐकलंस?" ती म्हणाली, "ऐकलं नाही, हाताला झालं."

मग ते आमच्याकडे वळले. "फादर, तुम्ही शिकवता, पोरं ऐकतात. चांगलं आहे. पण बाजारात मी बसतो. तिथे मी असा हात वर केला तर संध्याकाळी घरी काय नेऊ?" या प्रश्नास द्यावे असे एक उत्तर आम्हांस ठाऊक आहे, तुम्हांलाही ठाऊक आहे. ते आम्ही दिले नाही. कारण दोन तासांपूर्वी आमच्या मनात जे आले होते ते आम्ही विसरलो नव्हतो. आम्ही इतकेच म्हणालो, "मलाही वाटलं होतं की तिने बोलू नये." ते आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मुलगी खिडकीला डोके टेकून झोपली होती, किंवा झोपल्याचे सोंग करीत होती.

घरी आल्यावर आम्ही या खेळाविषयी आणखी वाचले, आणि एक गोष्ट समजली ती सांगितल्यावाचून राहवत नाही. एपेस विजेची जोड 1930 नंतरच्या काळात मिळाली; फॉइलला 1950 नंतर, आणि सेबरला तर 1988 च्या सुमारास. त्यापूर्वी पांढऱ्या कपड्यांच्या खेळाडूंभोवती चार परीक्षक उभे राहून डोळ्यांनी पाहत. डोळे चुकत. तेव्हा ज्यास टोक लागले तो स्वतःच थांबून 'तुशे' म्हणे. म्हणजे 'मला लागले'. जुन्या खेळाडूंत ही रीत होती. वादविवादात समोरच्याचा मुद्दा पटला म्हणजे इंग्रज लोक आजही हाच शब्द वापरतात. यंत्र आले आणि हा शब्द खेळातून जवळजवळ गेला. कारण आता सांगण्याचे काम दिवा करतो. आमच्या मुलीने हा शब्द कधी ऐकला नव्हता. शिवाय तिचे म्हणणे 'मला लागले' असे नव्हते, 'तिला लागले नाही' असे होते. जुन्या रीतीहूनही हे जरा अवघडच म्हणावयाचे.

शिक्षकांचे मत मात्र आमच्याहून साधे निघाले. आम्ही त्यांस एकांतात विचारले, तुम्हांस वाईट वाटले का? ते म्हणाले, "वाटलं. तिची खालची चाल फार खाली जाते. सहा बोटं वर आणायला हवी." सोमवारपासून त्यांनी तेच सुरू केले. जुन्या बुटात लाकडी ठोकळा घालून तो बूट सभागृहाच्या एका टोकास ठेवितात आणि मुलीस त्याच्या केवळ वरच्या भागास टोक लावावयास सांगतात. जमिनीस लागले की दहा उठाबशा. आमच्या खोलीपर्यंत आवाज येतो, आणि खरे सांगतो, आम्हांलाही आता ठक् आणि बुटाचा आवाज यांतील फरक कळू लागला आहे.

वडील तीन रविवार आमच्याशी बोलले नाहीत. मिस्साला येत, मागे उभे राहत, निघून जात. चौथ्या रविवारी ते सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबले. हातात चाफ्याची परडी होती. ती त्यांनी वेदीकरिता दिली. आणि जाता जाता, जणू सहज आठवले अशा स्वरात, विचारले, "फादर, ती धातूची पट्टी म्हणतात ती कुठे मिळते? किती पडेल?"

आम्ही चौकशी केली. पुरी पट्टी महाग आहे. नवी घ्यावयाची तर महोत्सवाच्या साऱ्या शिलकेस भगदाड पडेल, आणि खजिनदार आमच्याकडे आतापासून ज्या नजरेने पाहत आहेत ती तुम्हांस दिसतच असेल. पण शिक्षकांचे म्हणणे असे की, लढत बहुधा जेथे रंगते तो मधला भाग जरी धातूचा केला तरी सरावास पुष्कळ. आपल्या वाडीत पत्र्याचे काम जाणणारे दोन कारागीर आहेत. दोघेही आज येथे हजर आहेत, आणि दोघांनीही मजुरी घेणार नाही असे आम्हांस सांगितले आहे. पत्रा मात्र विकत आणावा लागेल. पहिले पैसे चाफ्याच्या बागेतून आले आहेत. दारापाशी पेटी ठेविली आहे. मेळावा आटोपल्यावर मुले सभागृहात एक लढत दाखविणार आहेत. खुर्च्या भिंतीकडे सरकविण्यास तरुणांनी हात लावावा, आणि पुढच्या रांगेतील आजीबाईंनी कृपा करून थोडे मागे बसावे.